१०८ फूट सांधे

बेळगावच्या शहापुरातलं आमचं घर सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. पुढचा भाग जांभ्याचा, वर मंगळूरी कौलं, आणि मागे नंतर कधीतरी विटांत काढलेलं स्वयंपाकघर. त्या मागच्या भागाचं काम काढायचं ठरलं तेव्हा कपाटं, ट्रॉल्या, चिमणी, कट्ट्याचा काळा ग्रॅनाइट हे सगळं पटापट उरकलं. अडलं ते कट्टा आणि वरची कपाटं यांच्या मधल्या भिंतीपाशी. दुकानदार तिला डॅडो म्हणतात. १० फूट लांब, २ फूट उंच. एवढ्याशा २० चौरस फुटांसाठी घरात जेवढी चर्चा झाली तेवढी ट्रॉल्यांसाठी झाली नव्हती.

पण स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त मार हीच भिंत खाते. ब्याडगी मिरची आणि लसणाची फोडणी, कारवारकडून आलेले बांगडे तव्यावर पडले की उडणारं तेल, आमसुलाचं सार ढवळताना जाणारे शिंतोडे, सगळं तिच्यावर. आधी तिथे नव्वदच्या दशकातल्या ८ बाय १२ इंची टाइल्स होत्या, मधेमधे द्राक्षांचा घड छापलेल्या. टाइल्स अजून चकचकीत होत्या. त्यांच्यामधले सांधे मात्र तपकिरी झालेले. ते मूळचे पांढरे होते असं आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शपथेवर सांगतात.

जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवाव्यात असा एक बेत होता. चांगल्या अॅडेसिव्हने ते जमतंही, फोडफोड वाचते. मिस्त्री गोकाककडचे. त्यांनी चावीच्या टोकाने एकेक टाइल वाजवून बघितली. डावीकडच्या भरीव वाजल्या, उजवीकडच्या बऱ्याचशा पोकळ. मग एक टाइल सहज हाताने निघाली. मागे प्लास्टर भुगा झालेलं, त्यावर लोणा. मिस्त्रींनी हात लावून एवढंच म्हटलं, “ग्वाडी हसी ऐतरी वैनी.”

म्हणजे भिंत ओली आहे. ओलच होती. ही भिंत पश्चिमेची. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडूनच येतो. जांबोटी-कणकुंबीकडे ओतून झाल्यावर जो उरतो तो बेळगावला, पण उरलेलासुद्धा जून ते सप्टेंबर भिंत झोडपायला पुरतो. बाहेरच्या प्लास्टरला बारीक भेगा होत्या, त्यातून विटा पाणी पीत होत्या. म्हणजे कुठला माल लावायचा हे दुकानात जायच्या आधीच अर्धं ठरलं होतं: ओल्या भिंतीवर जे टिकत नाही ते बाद. ही गोष्ट मात्र एकाही दुकानात कुणी विचारली नाही. सगळे विचारतात रंग कुठला.

दुकानं पालथी घातली ती खानापूर रोडची आणि शहरातली. पाटी कन्नडमध्ये, बिल इंग्रजीत, घासाघीस मराठीत, हे आपल्याला सवयीचंच.

माझ्या डोक्यात काच होती. लॅकर्ड ग्लास, म्हणजे मागून रंग दिलेली काच. आरपार एकच तुकडा, पुसायला सोपी, आणि दिसतेही झकास. शेगडीमागे साधी काच चालत नाही, एका जागी तापली की तडकते. टफन केलेलीच हवी. तशी काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते आणि फुटली तरी तिचे बारीक दाणे होतात, पाती होत नाहीत. पण टफन झाल्यावर ती कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही. म्हणजे मिक्सरचा, फ्रिजचा, वॉटर फिल्टरचा प्लग कुठे येणार हे आधी मिलिमीटरमध्ये पक्कं हवं. जुन्या घरात एकही कोपरा काटकोनात नसतो, तिथे हा जुगारच. पांढऱ्या रंगाचं तर आणखी एक आहे. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, त्यामुळे मागचा पांढरा पुढून हिरवट दिसतो. खरा पांढरा हवा तर एक्स्ट्रा क्लिअर काच घ्यावी लागते, ती अजून महाग. एवढं सगळं करायची माझी तयारी होती. पण ती भिंतीला चिकटते सिलिकॉनने, आणि मागच्या रंगाला ओल सोसत नाही. आमच्या भिंतीवर दोन पावसाळ्यांत फोड आले असते. काचेला राम राम.

स्टीलची शिफारस आमच्या ऑफिसातून आली. मी उद्यमबागमधल्या एका फौंड्रीत हिशेब बघते, तिथे स्टोअरमधले काका स्टीलचे भोक्ते. हॉटेलच्या भटारखान्यात बघा, म्हणाले, भिंतीला दुसरं काही असतं का? तेही खरं. ३०४ ग्रेडच्या स्टीलला तेल, हळद, चिंच, कशाचं काही वाटत नाही. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. फसवणूक होते ती २०२ ग्रेड ३०४ म्हणून गळ्यात मारण्यात. लोक चुंबक घेऊन जातात आणि चिकटला नाही म्हणजे ३०४ असं समजतात, पण काकांनी सांगितलं की २०२ लाही चुंबक चिकटत नाही. चुंबकाने फक्त ४३० सारखं स्टील पकडता येतं. ग्रेड बघायला वेगळं केमिकल येतं, दोन थेंब टाकून रंग बघतात. माहिती मोलाची होती. पण स्टीलचा पत्रा सपाट राहायला मागे प्लायवूड लागतं, आणि ओल्या भिंतीवर प्लाय फुगतं. शिवाय खरं सांगायचं तर मला स्वयंपाकघरात वाकडंतिकडं आपलंच तोंड दिवसभर बघायचं नव्हतं.

पीव्हीसीचे मार्बलसारखे दिसणारे शीट आणि एसीपी, म्हणजे अॅल्युमिनियमचं कंपोझिट पॅनेल, हे दोन्ही एका दुकानदाराने फार आग्रहाने दाखवले. एका दिवसात काम, फोडफोड नाही, स्वस्त. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं. साध्या एसीपीत दोन अॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये पॉलिइथिलीन असतं, ते पेट घेतं. गॅसच्या शेगडीमागे या वस्तू विकायला ठेवतात कशा हेच मला समजत नाही. सिंकच्या बाजूला, आचेपासून लांब, कुणी लावलं तर हरकत नाही.

राहिला दगड. संगमरवर तर आईंनीच हाणून पाडला. त्यांच्या माहेरी निपाणीला संगमरवरी कट्टा होता आणि त्यावर लिंबाच्या फोडींचे गोल गोल ठसे कायमचे उमटलेले. संगमरवर म्हणजे चुनखडीच, आंबट लागलं की त्याची झिलई जाते. आमच्याकडे दिवसाआड आमसूल नाहीतर चिंच. ग्रॅनाइटला आंबटाचं भय नाही, इलकलचा लालसर ग्रॅनाइट तर आपल्या भागातलाच. कट्ट्याचाच काळा ग्रॅनाइट वर चढवायचा असा ह्यांचा विचार होता. एकच माल, एकच माणूस, एकच बिल. दुकानदारही म्हणाला, काळ्यावर डाग दिसत नाही. त्यावर आई म्हणाल्या, “मी काय म्हणतो, डाग दिसला पायजे. दिसला तर पुसतंय माणूस.” या वाक्याला उत्तर नव्हतं. शिवाय जुलैत आमच्याकडे सकाळी अकराला दिवा लावावा लागतो. काळा कट्टा आणि वर काळी भिंत म्हटलं की अंधार विकत घेतल्यासारखंच.

क्वार्ट्झ फार वेळ बघितलाच नाही. त्यात दगडाचा चुरा नव्वद टक्क्यांच्या वर असला तरी बांधून धरणारं रेझिन असतं, आणि सतत आच लागली की ते पिवळं पडतं. शेगडीच्या अगदी मागे तो नको.

फिरून फिरून टाइलवरच आलो. टाइल म्हणजे दोन जाती. भिंतीची साधी सिरॅमिक आणि विट्रिफाइड. ओळखायची युक्ती सोपी: टाइल उलटी करायची आणि पाठीवर पाण्याचा थेंब सोडायचा. सिरॅमिकची पाठ तो पिऊन टाकते, विट्रिफाइडच्या पाठीवर तो तसाच बसतो. भिंतीची सिरॅमिक वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकते, विट्रिफाइड अर्धा टक्काही नाही. समोरून दोन्हींवर काचेसारखा थर असतोच, त्यामुळे शिंतोड्यांच्या बाबतीत फरक कमी. पण मागून ओल येणारी भिंत असेल तर पाठ महत्त्वाची. आमची भिंत कोणत्या जातीची ते वर सांगितलंच आहे.

नमुने घरी आणून आईंनी त्यांची परीक्षा घेतली. तेलात हळद आणि तिखट कालवून प्रत्येकावर एक बोट, रात्रभर तसंच. सकाळी नुसत्या ओल्या फडक्याने पुसलं. चकचकीत निघाली. हाताला रेशमी लागणारी सॅटिन फिनिशचीही निघाली. खडबडीत, दगडासारखी दिसणारी मॅट होती तिच्या खळग्यांत पिवळं बसून राहिलं. मला मनातून तीच आवडली होती. ज्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी ती बघायला गेले होते, तिच्याकडे फोडणी स्वयंपाकाची बाई करते.

मग पुतणीने मोबाइलवर पांढऱ्या, छोट्या, विटेच्या आकाराच्या टाइल्स दाखवल्या. ३ बाय ६ इंची. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिथल्या स्टेशनांच्या भिंतींना लागलेल्या, म्हणून सबवे टाइल. दिसतात फार छान. आई म्हणाल्या, दवाखान्यागत दिसतंय. पण मी अडखळले ते दुसऱ्याच कारणाने. जुन्या टाइल्समध्ये खराब काय झालं होतं? टाइल नव्हे, सांधे. तर मग माल कुठला हे विचारण्याआधी सांधा किती हे विचारायला हवं. हिशेब ठेवायची सवय, कागद घेतला आणि मांडलं.

१० फूट बाय २ फुटांची भिंत. ३ बाय ६ इंची टाइल घेतली तर २० च्या ८ ओळी, १६० टाइल्स. ओळींमधले आडवे सांधे ७, प्रत्येकी १० फूट, म्हणजे ७० फूट. उभे सांधे एका ओळीत १९, आठ ओळींचे मिळून १५२, प्रत्येक ३ इंचांचा, म्हणजे ३८ फूट. एकूण १०८ फूट. विटांसारख्या अर्ध्या सरकवून लावल्या तर थोडे जास्तच. म्हणजे शंभर फुटांहून लांब पट्टी, सिमेंटची, तेल पिणारी, जुन्या ब्रशने घासायची. घासणार कोण हे सांगायला नको.

१२ बाय १८ इंची टाइल आडवी लावली तर २२ फूट. १२ बाय २४ असेल तर १८. आणि फरशीसाठी म्हणून जी २ बाय ४ फुटी विट्रिफाइड मिळते तीच आडवी भिंतीला लावली तर? उंची तिचीच २ फूट, म्हणजे आडवा सांधा एकही नाही. उभे दोन, प्रत्येकी २ फूट. एकूण ४ फूट.

१०८ आणि ४. त्यानंतर कुठल्या मालावर चर्चा करायची मला गरज वाटली नाही.

सांधे चारच फूट म्हटल्यावर आणखी एक गाठ सुटली. सांध्यात भरायचं साधं ग्राउट सिमेंटचं असतं, ते तेल पितं. इपॉक्सी ग्राउट पीत नाही, पण त्याचा भाव साध्याच्या कितीतरी पट. १०८ फुटांना ते परवडलं नसतं. इथे अगदी लहान डबा आणला आणि तोही उरला.

मोठ्या टाइलची स्वतःची नाटकं आहेत, ती पुढे कळत गेली. पहिलं म्हणजे दुकानात जिला २ बाय ४ फूट म्हणतात ती खरी ६०० बाय १२०० मिलिमीटर. दोन फुटांना जवळजवळ एक सेंटिमीटर कमी. सुताराने कट्टा आणि कपाटांमध्ये बरोबर २४ इंच धरलं होतं, तसंच राहिलं असतं तर वर बोटभर फट दिसली असती. कपाटं एक इंच खाली घ्यायला लावली आणि टाइल आधी, कपाटं नंतर असा क्रम ठरवला. आता टाइलची वरची कड कपाटामागे दडली आहे. दुसरं, एकेक टाइल चौदा-पंधरा किलोची. दोन माणसं लागतात. तिसरं, चार फूट सरळ कापायला लांब कटर लागतो, तो सगळ्या मिस्त्रींकडे नसतो. आमच्या मिस्त्रींकडे नव्हता. त्यांनी ओळखीच्या एकाकडून आणला. नसता मिळाला तर ग्राइंडरने कापून कडा खात खात गेली असती.

चौथं सगळ्यात खर्चाचं. मोठी टाइल भिंतीचा वाकडेपणा सोसत नाही. लहान टाइल्स वळणाबरोबर वळतात, ही वळत नाही. ओळंबा सोडला तर भिंत एका टोकाला पाऊण इंच बाहेर. तसंही प्लास्टर काढायचंच होतं. पाडव्यानंतर काम काढलं. आधी बाहेरून भेगा भरून वॉटरप्रूफिंगचा हात दिला, मग आतलं जुनं प्लास्टर विटांपर्यंत खरवडलं, भिंत उन्हाळ्याच्या उघाडीत वाळू दिली, आणि नवं प्लास्टर ओळंब्यात केलं. त्याला आठवडाभर पाणी मारलं. ते वाळल्यावर मिस्त्रींनी प्लास्टिकचा एक चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी काढला तर मागे दव नव्हतं. तेव्हाच टाइलला हात लावला. टाइलचं काम एका दिवसाचं, भिंतीचं त्याच्या कितीतरी पट. कुणाला कोटेशन मागताना भिंतीचं काम वेगळं लिहून मागा, नाहीतर ‘टाइल बसवणे’ या एका ओळीत दोघांचे दोन अर्थ निघतात.

विट्रिफाइड टाइल सिमेंटच्या चिखलावर बसवायला काही गवंडी अजूनही तयार असतात. तिची पाठ पाणी पीत नाही म्हणजे सिमेंटचं पाणीही पीत नाही, त्यामुळे ती घट्ट धरत नाही आणि काही वर्षांनी पोकळ वाजते. पॉलिमरचं अॅडेसिव्हच हवं. ते भिंतीवर दातेरी थापीने ओढलं आणि टाइलच्या पाठीलाही हात दिला. मधली अख्खी टाइल बरोबर शेगडीच्या मागे घेतली, उरलेल्या दोन बाजूंना साधारण तीन-तीन फुटांचे तुकडे. म्हणजे फोडणी उडते तिथे सांधाच नाही. चिमणीच्या मागे एक टाइल उभी चढवली, त्यामुळे चिमणीखाली दोन फुटांचा एक आडवा सांधा वाढला. तेवढा सोसला. प्लगची भोकं जागेवर मापून पाडली, काचेत हे जमलं नसतं.

इपॉक्सी भरताना मात्र मी स्वतः समोर उभी राहिले. ते मिसळल्यावर वेळ थोडा असतो आणि टाइलवर पसरलेला पातळ थर तिथल्या तिथे पुसला नाही तर वाळून धुरकट डाग कायमचा. मिस्त्री भरत होते आणि त्यांचा भाचा मागोमाग स्पंजने पुसत होता. मिस्त्री त्याला सारखे कन्नडमध्ये ओरडत होते, तो मराठीत उत्तरं देत होता.

कट्टा आणि भिंत मिळतात तिथल्या सांध्यात ग्राउट भरायचं नाही. ग्रॅनाइट आणि भिंत वेगवेगळी हलतात, तिथे ग्राउटला चीर पडते आणि पाणी कपाटात उतरतं. तिथे बुरशी न धरणारं न्यूट्रल सिलिकॉन घेतलं. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते वेगळं, दगडाजवळ ते नको. हा १० फुटांचा सांधा कुठलीही टाइल घेतली तरी राहतोच, आणि तोच आधी खराब होणार. काही वर्षांनी कापून नवा भरायचा.

खर्चाचं थोडक्यात. टाइल काचेच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडली. पण भाव सांगताना दुकानदार बहुतेक वेळा १८ टक्के जीएसटी धरत नाही. तो आधीच विचारावा. या टाइलच्या बॉक्समध्ये दोनच नग येतात आणि बॉक्स फोडून देत नाहीत. आम्हाला चार लागत होत्या, म्हणजे दोन बॉक्स. मी तिसराही घेतला. माल गुजरातमधल्या मोरबीचा, पुढच्या भट्टीत तोच रंग एक छटा इकडेतिकडे निघतो. बॉक्सवर बॅच आणि शेड नंबर छापलेला असतो, तिन्हींवर तोच आहे ना हे दुकानातच बघून घेतलं. ह्यांना तो बॉक्स वायफळ वाटला.

रंग फिकट राखाडी, सॅटिन, त्यावर काही नक्षी नाही. आईंना वेलबुट्टी हवी होती, ती मिळाली नाही आणि हे त्या अजून ऐकवतात. चकचकीत घेतली नाही याचं कारण कपाटाखालची एलईडी पट्टी. चकचकीत टाइलवर तिचा उजेड दिव्यांच्या माळेसारखा उमटतो आणि पुसल्याच्या रेघाही दिसतात.

एक पावसाळा आणि एक दिवाळी झाली. चकल्यांच्या दिवशी शेगडीमागची टाइल तेलाने माखली होती. गरम पाण्यात भांडी घासायचं लिक्विड आणि फडकं, बस. प्लगच्या चौकटीभोवती मात्र तेलकट धूळ बसते, तिथे काडीला कापूस गुंडाळून फिरवावा लागतो. ऑगस्टमध्ये भिंतीला हात लावून बघितला, कोरडी होती. बाहेरून दिलेला हात अजून तीन-चार वर्षांनी परत द्यावा लागेल असं मिस्त्री म्हणतात.

कापून उरलेले दोन वीतभर रुंद तुकडे होते. त्यांच्या कडा मिस्त्रींनी दगडाने घासून दिल्या. एक मिक्सरखाली गेला. दुसऱ्यावर आई दसऱ्याला कडाकणी लाटतात, पीठ चिकटत नाही म्हणून खूश आहेत. अख्ख्या दोन टाइल्स गोदरेजच्या कपाटामागे उभ्या आहेत, पाठीवर मार्करने बॅच नंबर लिहून. खानापूरच्या नणंदेने त्या सिंकमागे लावायला मागितल्या. मी दुकानाचा पत्ता दिला आणि आधी कट्ट्यापासून कपाटापर्यंत किती इंच आहे ते मोजून कळवायला सांगितलं. तिने अजून मोजलेलं नाही.